वरील मजकूर खरा व बरोबर आहे

अर्ज लिहिणाऱ्याने स्वतःविषयी लिहू नये, असा आमच्या व्यवसायाचा अलिखित दंडक आहे. 'मी' हा शब्द आम्ही दिवसभरात असंख्य वेळा लिहितो, पण तो 'मी' आमचा नसतो. तो कधी घुग्घुसच्या खाणीत पाळी करणाऱ्याचा असतो, कधी वरोऱ्याच्या निवृत्त शिपायाचा, तर कधी धानोऱ्याकडून दोन बस बदलून आलेल्या एखाद्या वृद्धाचा. संपादक महाशयांनी या अंकासाठी माझा अनुभव मागितला, तेव्हा तो कोणाच्या वतीने लिहावा, याचाच मला प्रथम विचार पडला. शेवटी स्वतःच्याच वतीने लिहीत आहे. असा प्रसंग माझ्यावर यापूर्वी एकदाच आला होता आणि हा लेख त्याच प्रसंगाविषयी आहे.

चंद्रपूरच्या कचेरीबाहेर लिंबाखालचे तिसरे टेबल माझे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले, नववी मात्र पूर्ण झाली नाही. ही गोष्ट मी आपण होऊन सांगतो, कारण पुढे एका टीकाकाराने ती माझ्याविरुद्ध वापरली, आणि अडचणीचा कागद आपणच आधी दाखल केलेला बरा असतो. तथापि, माझ्या हातचा अर्ज 'अर्थबोध होत नाही' असा शेरा मारून परत आल्याचे उदाहरण नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस येतो आणि बोलत सुटतो. त्या बोलण्यात सासू असते, पाऊस असतो, मेलेली शेळी असते आणि मध्येच कुठेतरी अर्ज असतो. तो हुडकून काढणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे तो अशा भाषेत लिहिणे की, वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मान वर करावी लागू नये. खाली कार्बन घालून एक प्रत आपल्याकडे ठेवायची. तिला स्थळप्रत म्हणतात. माझ्या पत्र्याच्या पेटीत अशा स्थळप्रतींचे गठ्ठे आहेत. शेवटी सत्यापनाची ओळ येते : 'वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' ती लिहिली की संपूर्ण अर्ज अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याने होकार दिला तरच अंगठा घ्यायचा. हे वाचून दाखवणे आमच्या ओळीतले अनेक जण टाळतात. मी कधी टाळले नाही.

त्याला कारण धानोऱ्याकडचा तो गोंड वृद्ध. त्याचा बैल वाघाने मारला होता. मी लिहिले, 'वाघाने अचानक हल्ला करून बैलास ठार केले.' वाचून दाखवल्यावर त्याने मान हलवली.

"हल्ला नाई केला, बाबू. बैल माहा वाट चुकला. वाघाच्या घरी गेला."

मी समजावले की, कागदावर हल्ला असला म्हणजे काम लवकर होते.

"तुमचं काम होते," तो म्हणाला. "मले तं त्याच जंगलात राहाचं हाय."

मी पुन्हा नवा कागद घेतला. वनखात्याच्या बाबूने तो वाचून हसत हसत पुढे पाठवला. कागदावरचे खरे हे ज्याचे त्याचे असते, आपण फक्त अक्षर पुरवायचे, हे मी त्या दिवशी शिकलो. शिकलेले नेहमी लक्षात राहतेच असे नाही.

याच सुमारास, म्हणजे नव्वदच्या दशकात, वरोऱ्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांना टीव्हीवरच्या एका मालिकेच्या लेखकाला अर्ज करायचा होता. मालिकेतील थोरल्या सुनेचा आजार बळावत चालला होता. "तिले मारू नका म्हणा," त्या म्हणाल्या. "लेकरं लहान हायेत तिचे." मी 'प्रति, माननीय लेखक महोदय' असे लिहून विनंती अर्ज तयार केला. थोरली सून पुढच्याच महिन्यात गेली आणि अर्जाला उत्तर आले नाही. बाई दोन वेळा येऊन चौकशी करून गेल्या. अर्ज नामंजूर होणे समजू शकते, पण उत्तरच न देणे हा उद्दामपणा आहे असे माझे तेव्हा मत झाले. आपण लेखक झालो तर प्रत्येकाला उत्तर देऊ, असेही मनात येऊन गेले.

पुढे मी खरोखरच लेखक झालो.

गावात केबलचा धंदा करणारे गजूभाऊ होते. दोन हजार सालानंतर त्यांनी स्वतःच्या वाहिनीवर गावच्या बातम्या सुरू केल्या आणि मग त्यांना मालिकेची हौस आली. एके दुपारी ते माझ्या टेबलाशी मोटारसायकल लावून म्हणाले, "बाबूजी, तुमी दिवसभर लोकाईचे दुःख लिहून राह्यले. एखादं माह्यासाठी लिहा."

"कोणत्या विषयावर?"

"रडू आलं पाह्यजे. अन् एका खोलीत झालं पाह्यजे."

मी पत्र्याची पेटी उघडली. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही, हे नमूद करतो.

पेटीत हमीदाबाईंची प्रत होती. हमीदाबाई, कागदोपत्री हमीदाबी, गावातल्या पिंजाऱ्याच्या घरच्या. कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा त्यांचा धंदा होता आणि बाजारातला गाळा नवऱ्याच्या, युसूफच्या नावे होता. युसूफ रजया घेऊन सिरोंच्याकडच्या आठवडी बाजारांना गेला तो परतलाच नाही. तो हरवल्याची तक्रार मीच लिहिली होती. पुढे दीर कादर याने 'भाऊ येईपर्यंत मी सांभाळतो' असे म्हणून गाळ्याला आपले कुलूप लावले. ज्याची सात वर्षे कोणालाच खबर नाही, तो कायद्याने मृत समजला जातो. हमीदाबाईंनी सात वर्षे मोजली आणि आठव्या वर्षी तसे जाहीर करून मिळावे म्हणून कोर्टात दावा लावला. दावा वकिलांनी लिहिला, पण त्याचा मूळ आधार माझी तक्रारच होती.

मी नावे बदलली. हमीदाची सलमा केली, युसूफचा युनूस केला. बाकीचे मात्र तक्रारीतून जसेच्या तसे उतरवले : पिंजण, रजया, सिरोंच्याची वाट, उजव्या भुवईवरचा व्रण, अंगातला खाकी सदरा, जाताना दाराशी थांबून मागितलेले पाणी. त्या पाण्याच्या प्रसंगाला गावातल्या बायका रडल्या. गजूभाऊंनी माझ्या टेबलावर पेढे आणून ठेवले. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे असे ते चालले होते, आणि बाजारातून जाताना लोक मला थांबवून विचारत, "बाबूजी, युनूस येते का नाई?"

गजूभाऊंच्या भाचीने, जी नागपूरला शिकत होती, इंटरनेटवर मालिकेचे एक पान उघडले. त्यावर वाटेल त्याला वाटेल ते लिहिता येत असे. पुण्याला नोकरीला गेलेली आमच्याकडची मुले, नागपूरच्या वसतिगृहातल्या मुली, गावातले रिकामे लोक, सगळे लिहू लागले. मजकूर मराठी, पण अक्षरे इंग्रजी. मला ती भरभर वाचता येत नसत. बसस्थानकाजवळ निखत नावाच्या मुलीने संगणकाचे दुकान टाकले होते. ती मला प्रत्येक अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवी, मी उत्तर सांगे, ती टंकित करी आणि पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचून दाखवी. म्हणजे टेबलाची बाजू बदलली होती. अर्जदाराच्या लाकडी स्टुलावर आता मी होतो.

मी कोणालाही उत्तराविना ठेवले नाही. चाहत्यांना लिहिले, 'आपला अभिप्राय प्राप्त झाला. आभारी आहे.' टीकाकारांना मुद्देनिहाय उत्तरे दिली : मुद्दा क्रमांक एक मान्य, दोन अमान्य, तीन संबंधित नाही.

"काका, इथी कोणी असं नाई लिहीत," निखत म्हणाली.

"म्हणूनच वादांचा निकाल लागत नाही," मी म्हणालो.

चाहत्यांचे एकच मागणे होते. युनूसला परत आणा. वरोऱ्याच्या बाई मला आठवत होत्या. लेखक माणूस आहे, दगड नाही, हे दाखवण्याची संधी मला मिळाली होती. अकराव्या भागात मी लिहिले की, एका ट्रकवाल्याला सिरोंच्याच्या घाटावर, चहाच्या टपरीत, भुवईवर व्रण असलेला एक माणूस दिसतो. पान आनंदाने भरून गेले. निखतचाही वाचताना आवाज बदलला.

एकाला मात्र आनंद झाला नाही. 'चांदा किल्ला' असे टोपणनाव घेतलेला तो गृहस्थ पहिल्यापासून माझ्या मागे होता. त्याने लिहिले : 'इतक्या वर्षांनी कोणी टपरीत सापडत नसतो. सगळं बनावट आहे. लेखक नववी नापास अर्जनवीस आहे. त्याने अर्जच लिहावेत.'

नापास हा शब्द वस्तुस्थितीला धरून नव्हता. मी परीक्षेलाच बसलो नव्हतो. पण मला टोचले ते 'बनावट'. ज्याने आयुष्यभर खऱ्याखाली सत्यापन लिहिले, त्याला हा शब्द. मी निखतला सांगितले, लिही. सात मुद्दे सांगितले. सातवा असा होता : 'सदर कथेतील सर्व प्रसंग सत्य असून ते माझ्या दप्तरी असलेल्या मूळ कागदांवरून घेतलेले आहेत. शंका असल्यास समक्ष येऊन प्रत पाहावी.' त्याखाली सवयीने ओळ सांगितली, 'वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' त्याखाली पूर्ण नाव, आणि पत्ता म्हणून लिंबाखालचे तिसरे टेबल.

निखतने ते वाचून दाखवले. "काका, टपरीवालं पण खरं आहे का?" असे तिने विचारल्याचे मला स्पष्ट आठवते.

"पाठव," मी म्हणालो.

त्या रात्री मी समाधानाने जेवलो.

काही आठवड्यांनी हमीदाबाई आल्या. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हते. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. त्यांच्या हातात घडी घातलेला एक छापील कागद होता. तो त्यांना वाचता येत नव्हता, पण त्यात काय आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलेले होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी त्याईले कुठी पाह्यलं?"

मी कागद उलगडला. माझे सात मुद्दे होते. कादरने ते संगणकावरून छापून घेऊन कोर्टात दाखल केले होते. भाऊ जिवंत आहे, सिरोंच्याला दिसलेला आहे आणि हे ज्याने पहिली तक्रार लिहिली तोच इसम स्वतःच्या नावाने व सत्यापनासह सांगतो आहे, असे त्याचे म्हणणे होते. शेजारच्या दोघांनी तर त्याला 'आमी बी ऐकलं, आला म्हणते थो' असेही सांगितले होते. त्यांनी ते माझ्याच अकराव्या भागात ऐकले होते.

मी कोर्टाविषयी बोलू लागलो. त्यांनी मला थांबवले.

"कोर्टाचं वकीलसाहेब पाह्यतील. मी ते नाई विचारून राह्यली. घाटावर पाह्यलं का? सदरा कोनता होता अंगात?"

तेव्हा मला कळले की, ही बाई गाळ्यासाठी आलेली नाही. आठ वर्षांनी, दावा लावल्यानंतर, मनाने सगळे आवरून झाल्यावर, माझ्या सातव्या मुद्द्याने ती पुन्हा दाराशी येऊन उभी राहिली होती.

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही. ते मी लिहिले."

त्यांनी कागदावर बोट ठेवले.

"मंग खरं हाय म्हून काऊन लिहलं?"

या वेळी मी मुद्दे पाडले नाहीत. एका माणसाने मला बनावट म्हटले म्हणून, असे मी सांगितले.

"त्यानं तुमाले म्हटलं," त्या म्हणाल्या. "मी तं काईच नव्हतं म्हटलं."

कागद माझ्या टेबलावर तसाच सोडून त्या गेल्या.

त्यांच्या वकिलांनी मला बोलावून घेतले. मी प्रथम असे सुचवले की, आधीचे प्रसंग खरे आणि पुढचे कल्पित, अशी कुठेतरी मधली भाषा वापरता येईल. 'आधारित' हा शब्द अशा वेळी उपयोगी पडतो. वकीलसाहेब म्हणाले, "बाबूजी, शब्द तुम्हाला वाचवेल. बाईला वाचवणार नाही. मला एक प्रतिज्ञापत्र पाहिजे. सातवा मुद्दा खोटा होता, एवढंच. उद्या सकाळी. नाहीतर दावा इथंच अडकतो, अन् गाळ्याचं कुलूप निघत नाही."

ते प्रतिज्ञापत्र मी टेबलावर न लिहिता घरी लिहिले. इतरांच्या वतीने मी हजारो वेळा 'मी' लिहिला होता, पण या एका 'मी'पाशी लेखणी अडली. प्रथम मी 'अनवधानाने' लिहिले. ते वाचून पाहिले आणि खोडले. निखतने मला विचारले होते, त्यामुळे अनवधान नव्हते. मग 'भावनेच्या भरात' लिहिले. तेही खोडले, कारण मुद्दे सात होते आणि भरात मुद्द्यांना क्रमांक पडत नाहीत. शेवटी लिहिले, 'टीकेस उत्तर देताना माझे म्हणणे वरचढ ठरावे म्हणून मी खोटे विधान केले.' खाली नेहमीची ओळ लिहिली आणि ती लिहिताना तिचा अर्थ काय होतो याचा, इतक्या वर्षांत प्रथमच, विचार केला.

कोर्टात कादरच्या वकिलांनी दोन्ही कागद माझ्यासमोर धरले.

"यावर खरा व बरोबर लिहिलंय. यावरही तेच लिहिलंय. दोन्ही तुम्हीच. कोणतं धरायचं?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मी लेखक होतो. आज अर्जनवीस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आजचे धरा."

मागे आमच्या ओळीतले दोन अर्जनवीस येऊन बसले होते. ते हसले. माझ्या बाबतीत त्यांना हसण्याची संधी क्वचितच मिळते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. कादर मात्र हसला नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बाबूजी, मले तं खरंच वाटलं होतं. भाऊ हाय माहा." ते कितपत खरे होते, हे मी ठरवू शकत नाही. त्याच्या खिशात गाळ्याची किल्ली होती, हेही नमूद करतो.

संध्याकाळी मी निखतच्या दुकानात गेलो आणि त्याच पानावर तोच मजकूर घालायला सांगितले. ती म्हणाली, "काका, कोर्टात दिलं ना? इथी कशाले?"

"खोटे इथेच बोललो होतो," मी म्हणालो.

तिने टंकित केले आणि वाचून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून अभिप्राय येऊ लागले. पुण्याच्या एका मुलाने लिहिले की, त्याच्या आईने अकराव्या भागानंतर नवस फेडला होता, आता तिला काय सांगू? एका मुलीने लिहिले, 'तुम्ही युनूसला दुसऱ्यांदा मारलं.' काहींनी शिव्या दिल्या. त्या निखतने गाळल्या असाव्यात, कारण वाचताना ती मध्येच थांबे. मी प्रत्येकाला लिहिले, 'आपला अभिप्राय प्राप्त झाला. म्हणणे मान्य.' चांदा किल्ल्याने एकच ओळ लिहिली : 'हा अर्ज बरा लिहिला.' तो कोण होता हे मला आजही ठाऊक नाही. त्याला मात्र मी उत्तर दिले नाही. सबंध पानावर उत्तराविना राहिलेला तेवढा एकच अभिप्राय आहे.

गजूभाऊंच्या मालिकेचे दोन भाग शिल्लक होते. शेवटच्या भागात सलमा एकटी रजई भरते, वीस मिनिटे, एका खोलीत. युनूस येत नाही. "बाबूजी, रडू येत नाई यानं," गजूभाऊ म्हणाले. पुन्हा त्यांनी मला लिहायला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लेखक म्हणून माझी कारकीर्द इथे संपली. ती फार मोठी नव्हती, पण तिच्यातला एक कागद न्यायालयाच्या दप्तरी आहे. असे आमच्या ओळीत इतर कोणाविषयी म्हणता येणार नाही.

दाव्याचा निकाल बऱ्याच महिन्यांनी हमीदाबाईंच्या बाजूने लागला. आता गाळा त्यांच्या नावे करून घेण्याचा अर्ज उरला होता. वकिलांकडे कारकून होता, कचेरीबाहेर इतर पाच टेबले होती. त्या माझ्याकडेच आल्या. त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. या खेपेला त्या स्टुलावर बसल्या. दुसऱ्यांच्या रजया त्या तोवर घरीच भरून देत होत्या. पदराला कापूस चिकटलेला होता.

मी अर्ज लिहिला, खाली कार्बन घातला आणि वाचायला सुरुवात केली. 'अर्जदार हमीदाबी, मयत युसूफ यांची पत्नी...'

"थांबा," त्या म्हणाल्या. "ते अजून एक डाव वाचा."

मी पुन्हा वाचले. 'मयत युसूफ यांची पत्नी.'

हा शब्द त्यांच्या नवऱ्याच्या नावाआधी वाचला गेलेला त्यांनी बहुधा प्रथमच ऐकला. त्यांनी कागदाकडे पाहिले नाही, माझ्या तोंडाकडे पाहिले.

"यात तुमचं काई नाई ना, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "कोर्टाच्या निकालात आहे तेवढेच आहे."

"मंग वाचा पुढं."

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. त्यांनी अंगठा उमटवला आणि पदरावरचा कापूस काढून त्याला शाई पुसली.